घरातून निघताना पिशवीत काय असते? (खरे खरे सांगा)

शेवटची_बस

गेल्या गुरुवारी पणजीहून संध्याकाळची बस धरली. घर बोरीपलीकडे. जुलैचा पाऊस कसा असतो ते इथे कोणाला सांगायला नको. म्हार्दोळ सोडून फर्मागुढीच्या चढाला लागलो आणि बस थांबली. पुढे झाड आडवे, त्यात विजेच्या तारा गुंतलेल्या.

तासभर बसमध्ये काढला. मोबाइल चार टक्क्यांवर. पर्समध्ये कार्डे पाच, रोख रुपये बारा. छत्री ऑफिसात, कारण सकाळी ऊन होते! शेवटी बाकीच्यांबरोबर अंधारात, झाडाला लांबून वळसा घालून फर्मागुढीपर्यंत चालत गेले. रिक्षावाला म्हणाला, नेट चालत नाही, रोख असेल तर बसा. माझा फोन एव्हाना मेलेला. त्याचाच फोन मागून घरी लावावा म्हटले, तर नवऱ्याचा नंबर आठवेना. लग्नाला अकरा वर्षे झाली. आठवला तो बाबांच्या घरचा लँडलाइनचा, जो कधीच बंद झालाय.

बसमध्ये शेजारी बसलेल्या मासळीवालीने कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढून दिली. "फाल्यां दी गो," एवढेच म्हणाली. (दिली दुसऱ्या दिवशी. वर बांगडेही घेतले.)

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतेय. मी रोज दीड किलोची पर्स खांद्यावर वागवते आणि तिच्यात वेळेला उपयोगी पडेल असे काहीच नाही. तुम्ही काय बाळगता? डोंगर चढायला जाताना नव्हे, रोज कामाला जाताना.

पाना_पक्कड

जिव्हाळ्याचा विषय! रोज अंगावर बाळगायच्या वस्तूंचा जगभर एक पंथच आहे. लोक खिसे रिकामे करून टेबलावर नीट मांडतात आणि फोटो काढतात. मी त्या पंथात बारा वर्षे आहे.

माझ्या पाठपिशवीत पक्कडवाले मल्टिटूल, बोटभर लांबीची बॅटरी, डोक्याला लावायची दुसरी बॅटरी, २०,००० एमएएचची पॉवर बँक, पाच मीटर नायलॉनची दोरी, लायटर, शिटी, चिकटपट्टी, रक्तस्राव थांबवायचा पट्टा, पाण्याची स्टीलची बाटली, रेनकोट आणि होकायंत्र.

दुर्भाटची_बाय

होकायंत्र कशाला हो? फोंड्याच्या बाजारात वाट चुकता?

हेडमास्तर

पाना_पक्कड, हसण्यावारी नेत नाही, पण एक विचारतो. यांतल्या कोणत्या वस्तूला गेल्या वर्षभरात तुमचा हात लागला? शाळेत आम्ही दप्तराचे वजन करायचो, तेव्हा निम्मी पुस्तके त्या दिवशी उघडलेलीही नसायची.

पाना_पक्कड

मास्तर, बरोबर जागी बोट ठेवलेत. मला डायरी लिहायची खोड आहे, म्हणून काल रात्री चाळून पाहिली.

बॅटरी जवळजवळ रोज. दिवे गेले, चावी पडली, विहिरीच्या पंपाकडे जायचे, स्कूटरची डिकी बघायची. पॉवर बँक आठवड्यातून दोनदा तरी, आणि निम्म्या वेळा दुसऱ्याच कोणासाठी. मल्टिटूलची सुरी आंबे, सुतळी आणि पार्सलाचे खोके यांवर, पक्कड स्कूटरच्या आरशासाठी. दोरी एकदाच, शेजाऱ्याच्या गाडीचा पुढचा बंपर बांधायला. चिकटपट्टी चपलेला. लायटर गणपतीत. शिटी भाच्याने पळवली. रक्ताचा पट्टा एकदाही नाही, आणि ते बरेच आहे. होकायंत्र... बाय जिंकल्या.

गंमत म्हणजे वर्षभरात सर्वांत जास्त वापरलेली गोष्ट वरच्या यादीत नाहीच. ती म्हणजे वरच्या कप्प्यातली घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी.

दुर्भाटची_बाय

आता कसे बोललात! मी तर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या धुऊन ठेवते. वरचा कोपरा न कापता कड सरळ कापायची म्हणजे तोंड मोठे मिळते. मोबाइल आत, तोंड दोनदा दुमडायचे, वर रबर. फेरीबोटीत कितीही झड आली तरी आत थेंब नाही. बाजारात त्याच कामाचे पाऊच दोनशे रुपयांना विकतात.

सड्यावरचा

पावसाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. म्हणजे हे चार महिने 'आज लागेल का' हा प्रश्न विचारायचाच नाही. मी स्कूटरवाला. छत्रीचा मला उपयोग शून्य. रेनकोट दोन तुकड्यांचा, पँट वेगळी. गुडघ्यापर्यंतचा लांब कोट घालून बसले की पाणी ओघळून बरोबर सीटवर साचते, आणि पुढे काय होते ते सांगत नाही. डिकीत जुना पंचा असतोच. हेल्मेटच्या काचेसाठी तोच.

भिजलेला मोबाइल तांदळात खुपसणाऱ्यांना माझे दंडवत. तांदूळ काही करत नाही, उलट कोंडा चार्जिंगच्या भोकात जातो. बंद करायचा, कव्हर-सिम काढायचे, पुसायचा, पंख्यासमोर ठेवायचा आणि दिवसभर चार्जिंगला लावायचा मोह टाळायचा. शेवटचे सर्वांत कठीण.

अबोली_७

इथे सगळे पुरुषी हत्यारांवर चाललेय, म्हणून लिहिते. रोज रात्री साडेनऊला सुटते. पिशवीत शिटी आहे. मिरचीचा फवाराही आहे, पण वारा समोरून असला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, हे घेतानाच कोणीतरी सांगायला हवे होते. खरा भरवसा दोन गोष्टींवर. एक, ११२. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणाची असेल तर हा नंबर लागतो. दुसरी, ठरलेला पायलट, म्हणजे भाड्याने नेणारा मोटारसायकलवाला. पुढचा मडगार्ड पिवळा असलेलीच मोटारसायकल, नाक्यावर सगळे त्याला ओळखतात आणि तो मला. ओळख पिशवीत घालता येत नाही म्हणून यादीत येत नाही एवढेच.

नाइट_ड्युटी

आपत्कालीन विभागात काम करते. पट्ट्याबद्दल वाचले म्हणून थांबले.

पाना_पक्कड, तो पट्टा बाळगताय तर वापरायला शिका. रक्त वाहत असेल तर पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छ कापड आणि तळहात, जोरात, न उचलता. दर मिनिटाला उचलून 'थांबले का' पाहणाऱ्यांमुळे ते थांबत नाही. हातापायाची जखम दाबूनही आवरत नसेल तरच पट्टा, जखमेच्या वर, सांध्यावर नाही. कधी बांधला ती वेळ लिहून ठेवायची. बाकी जाडजूड सुती रुमाल कोणाच्याही खिशात असू शकतो.

पावसात आमच्याकडे साप चावलेले येतात. जांभ्याच्या सड्यावर फुरसे, शेतात घोणस, घरात शिरलेला मण्यार. हात जोडून सांगते, चावल्या जागी कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, बोटातली अंगठी काढा, १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने या. साप मारून पिशवीत घालून आणू नका. एकाने आणला होता आणि तो मेलेला नव्हता. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांसाठी असते. आम्ही लक्षणे पाहून ठरवतो, तुमचा साप पाहून नाही. रात्री घराबाहेर पाऊल टाकताना बॅटरी आणि बंद चप्पल-बूट असले तर यातले निम्मे आमच्याकडे येणारच नाहीत.

आणि पिशवीत काय? स्वतःची रोजची गोळी, दोन दिवसांची. मधुमेह असेल तर साखरेची पुडी. कागदाच्या तुकड्यावर नाव, चालू औषधे, कशाची ॲलर्जी, घरच्या दोन माणसांचे नंबर. बेशुद्ध माणसाचा मोबाइल त्याच्या अंगठ्याने उघडतोही, पण दरवेळी अंगठा शाबूत नसतो.

सड्यावरचा

बाप रे. जेवताना वाचले.

बेतीकर

अपघात झालेल्याला आपण उचलून नेले तर पोलिसांचा ससेमिरा लागतो, ह्या भीतीने लोक थांबत नाहीत. त्याबद्दल कोणी सांगेल का?

नाइट_ड्युटी

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४अ कलम आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. बिनधास्त थांबा.

बेतीकर

धन्यवाद, हे माहीत नव्हते.

अवांतर, सुरीचा किस्सा. मागच्या वर्षी विमानतळावर माझी आजोबांच्या वेळची घडीची सुरी गेली. चूक सर्वस्वी माझी. सुरी मोठ्या बॅगेत टाकायची, मी खांद्यावरच्या पिशवीत विसरलो. पॉवर बँक नेमकी उलटी. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नसते. एमएएचला ३.७ ने गुणून १,००० ने भागायचे. २०,००० ची म्हणजे ७४, आरामात बसते. आकड्याची छपाई पुसली गेलेली पॉवर बँक मात्र अडवतात. लायटर हातातही नाही आणि बॅगेतही नाही.

पाना_पक्कड

आणि मे महिन्यात पॉवर बँक स्कूटरच्या डिकीत विसरू नका. माझी एक फुगून भाकरीसारखी झाली होती. जाता जाता, सुरीबद्दल कायदा नऊ इंच लांब किंवा दोन इंच रुंद पाते झाले की विचारतो, तेही घरकामाचे किंवा शेतीचे हत्यार नसेल तर. आमच्या गावचा नारळ काढणारा पाडेली कमरेला कोयता लावून भर बाजारातून जातो. त्याला पाहून कोणी वळतही नाही. मी दोन इंचांची सुरी काढून आंबा कापला तर लोक दचकतात.

म्हादयकाठ

धागा चार दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

तुम्ही सगळे घरातून निघून परत येण्याबद्दल बोलताय. मी सत्तरी तालुक्यातला. २३ जुलै २०२१ ला आमच्याकडे पाणी आले. दोन महिन्यांपूर्वीच मे महिन्यात तौक्ते वादळ होऊन गेले होते. तेव्हा आमचे दिवे चार दिवस नव्हते, म्हणून वाटत होते की त्या वर्षीचे भोग संपले. पहाटे कुत्रा भुंकायला लागला म्हणून उठलो. अंगणात तुळशीवृंदावन अर्धे बुडाले होते. घर मातीचे. बाहेर पडायला पाच-सात मिनिटे मिळाली असतील.

काय घेतले सांगतो. बाबांनी देवाऱ्यातले देव धोतराच्या ओच्यात घेतले. आईने लोणच्याची बरणी. बायकोने मुलीला. मी टीव्हीचा रिमोट! का ते अजून कळलेले नाही. हातात होता, एवढेच.

घर गेले. माणसे सगळी वाचली. पुढचे सहा महिने मात्र कागदांत गेले. जमिनीचा एक-चौदाचा उतारा परत मिळतो, तो सरकारदरबारी असतो. आधार, रेशन कार्ड, बँकेचे पुस्तक, हेही मिळते. ज्या जागेवर आम्ही मुंडकार म्हणून (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून) तीन पिढ्या राहिलो, त्याच्या मामलेदाराच्या निकालाची प्रत पाण्यात गेली. तिची नक्कल काढताना बाबांनी जे हेलपाटे घातले ते पाहिले आहेत. आजोबांच्या हाताचे काही कागद होते, त्यांची नक्कल कुठेच नव्हती.

आता दाराच्या मागे खुंटीवर एक पिशवी आहे. गोणपाटाची नव्हे, ते ड्राय बॅग म्हणतात तसली, तोंड गुंडाळून बंद करायची. तिच्यात कागद, हजार रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, बॅटरी, बाबांच्या गोळ्या, मुलीचा एक कपडा. जूनमध्ये भरतो. चतुर्थी झाली की उघडून वारे देतो, नाहीतर बुरशी येते. कोणी उचलायची तेही ठरलेय. ती मुलगी उचलते. माझ्यावर कोणाचा भरवसा नाही.

दुर्भाटची_बाय

म्हादयकाठ, रिमोटला हसले आणि मग पुढे वाचले. मुलीला शाबासकी सांगा.

हेडमास्तर

कागदांचे फोटो काढून मेघात (क्लाउडवर) ठेवणे हा सोपा उपाय आहे. पण निकालाची मूळ सही-शिक्क्याची प्रत आणि फोटो यांत कचेरीत फरक करतात, म्हणून प्रमाणित नक्कल आधीच काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. मी बहिणीकडे ठेवली आहे. तिची माझ्याकडे आहे.

वाहन परवान्याचे तसे नाही. डिजिलॉकरमधला परवाना २०१८ पासून मूळ कागदाच्या बरोबरीने धरतात. फक्त चोर्ल्याच्या घाटात रेंज नसताना तो उघडत बसू नका, निघण्यापूर्वी उघडून ठेवा.

सड्यावरचा

म्हादयकाठ, तुमच्या भागात काजूच्या दिवसांत काय बाळगता? माझा भाऊ बागायत घेतोय तिकडे.

म्हादयकाठ

माकडतापाचे म्हणत असाल तर २०१५ पासून आमच्या तालुक्यात तो आहे. गोचिडीतून येतो. रानात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्राचे तेल हातापायांना. चिमटा खिशात. गोचीड दिसली तर चिरडायची नाही, कातडीला लागून धरून सरळ ओढायची. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता कळवायचे. भावाला सांगा, बोंडू गोळा करायला बसताना पाल्याच्या ढिगावर बसू नको. आमचे लोक तिथेच बसतात.

दिवाडकर

आमच्या दिवाडी बेटाला पूल नाही. फेरीबोट बंद म्हणजे बंद. त्यामुळे आमच्याकडे पिशवीपेक्षा ऑफिसचा खण महत्त्वाचा. एक जोड कपडे, दात घासायचा ब्रश, साबण, चार्जर, खारे शेंगदाणे. सांतिनेजला आतेबहीण राहते, तिच्याकडे एक चादर माझ्या नावाची. वर्षातून दोनदा तरी लागते.

जे रोज वाहून न्यायचे नाही ते दोन्ही टोकांना ठेवायचे, असा माझा हिशेब. शेवटची_बस यांनी छत्री ऑफिसात ठेवली ते चूक नव्हते. दुसरी घरी हवी होती.

अबोली_७

लहान मुलांबद्दल कोणीच लिहिले नाही. मे २०२५ मध्ये शिरगावच्या जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी झाली. आम्ही त्या रात्री गेलो नव्हतो, पण शेजारचे गेले होते. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा दोन तास सापडत नव्हता. सापडला तो एका धोंडाच्या, म्हणजे देवीचे व्रत करणाऱ्या भक्ताच्या, खांद्यावर. मुलगा आपले नाव सांगत होता, 'बाबू'. बाबांचे नाव, 'पप्पा'.

आता जत्रेला, नाटकाला, कार्निव्हालला जाताना मुलाच्या चड्डीच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी असते, नंबरासकट. हातावर पेनाने लिहिलेले घामाने जाते. निघताना मुलांचा एक फोटो काढते, त्या दिवशीच्या कपड्यांत. 'कसला शर्ट घातला होता' हे घाबरलेल्या आईला आठवत नाही.

बेतीकर

फोटोची युक्ती आजपासून सुरू.

शेवटची_बस

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे वाचून पर्स रिकामी केली. आत निघालेले: सात जुनी बिले, तीन लिपस्टिक (दोन एकाच रंगाच्या), कुठल्याशा लग्नाची पत्रिका, सुकलेला गजरा, एका चावीला कुलूप आठवत नाही.

आता काय आहे: बोटभर बॅटरी, १०,००० ची लहान पॉवर बँक आणि वीतभर वायर, दोनशे रुपये सुट्टे (रोजच्या पाकिटात नाही, वेगळ्या चेनच्या कप्प्यात, नाहीतर भाजीला खर्च होतात), दुधाच्या दोन पिशव्या, सुती मोठा रुमाल, नाइट_ड्युटींनी सांगितलेली चिठ्ठी, मीठ-साखरेचे तयार पाकीट, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, बाटली सोडून ६१० ग्रॅम. पर्सचेच वजन कमी झाले, त्यामुळे खांदा उलट सुखात आहे. सुरी घेतली नाही. नेलकटर आहे, तो पुरे.

ऑफिसच्या खणात छत्री नंबर दोन. दिवाडकर, शेंगदाणे ठेवले होते, शिपायाने संपवले.

परवा पुन्हा बस बंद पडली, ह्या वेळी चाक. ड्रायव्हर-कंडक्टर मोबाइलचा उजेड तोंडात धरून जॅक लावत होते. मी बॅटरी काढून दिली. कंडक्टरने चाक बदलल्यावर ती स्वतःच्या खिशात घातली आणि मला फोंड्यात उतरताना ओरडून मागून घ्यावी लागली.

नवऱ्याचा नंबर पाठ केलाय. त्याला माझा विचारला. शेवटचे चार आकडे चुकले.

पाना_पक्कड

बॅटरी कोणती घेतली? पेन्सिल सेलची असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा सेल काढून बघा. इथल्या दमटपणात आत पांढरी भुकटी जमते आणि ऐन वेळी दिवा लागत नाही. बरेच दिवस वापर नसेल तर सेल बाहेर काढून ठेवा.

शेवटची_बस

पेन्सिल सेलचीच. बघते आजच.

दुर्भाटची_बाय

आणि दुधाची पिशवी उलटी करून दोन दिवस वाळव हां. नाहीतर मोबाइलला ताकाचा वास येतो. माझ्या सुनेने फोन बदलला, तरी खरे कारण मी अजून सांगितले नाही तिला.